खो-खोच्या मैदानात एकवीस पिंपळ

आमच्या शाळेच्या आवारात मऊ माती एकाच ठिकाणी होती आणि ती मी तयार केलेली होती. बाकी सगळा मुरूम, सोलापूरच्या उन्हात भाजून इतका कडक झालेला की त्यावर पडलेली मुलगी गुडघा फोडून घेतल्याशिवाय उठायची नाही. मी खेळाची शिक्षिका. नोकरीला लागले त्या वर्षी मधोमध खो-खोचं मैदान आखलं आणि पुढची वीसेक वर्षं दर उन्हाळ्यात ते उकरलं, खडे वेचले, कुणा पालकाच्या शेतातली माती मागून मिसळली, पाणी मारलं, रोलर फिरवला. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की आधी खो-खोच्या मैदानाला आणि मग शाळेच्या टाकीत, असा माझा क्रम होता. तो ऑफिसला माहीत नव्हता.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणतात आणि मला खेळाच्या बाई. ही गोष्ट घडली त्या वर्षी मोठ्या बाई नव्यानं आल्या होत्या. वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षं लहान, उत्साहानं वीस. एकदा त्या कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतल्या त्या कागदाची गुंडाळी घेऊनच. टेबलावर ती पसरून चारी कोपऱ्यांवर डस्टर ठेवले. आमच्याच आवाराचा नकाशा होता, फक्त सगळीकडे हिरवा खडू फासलेला.

"शाळा सुटली की आपलं आवार कुलूप लावून पडून असतं," त्या म्हणाल्या. "आणि वस्तीतली माणसं संध्याकाळी रस्त्यावर खुर्च्या टाकून बसतात. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास फाटक उघडायचं. कडेनं झाडं, बाकं, चालायला वाट. सगळ्यांचं मिळून एक हिरवं मैदान. कशी वाटते कल्पना?"

"मधला हिरवा खडू पुसा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तिथं खो-खो आहे. कडेला जंगल करा, वाघ सोडा, माझं काही म्हणणं नाही. आखलेल्या रेघांच्या आत काही नको."

त्यांनी खोडरबर घेऊन पुसलं. खडू असा पुसला जात नाही, फासला जातो. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

झाडं आणायला पैसे नव्हते. म्हणून मोठ्या बाईंनी ठरवलं की वस्तीलाच मागायची. फाटकावरच्या फळ्यावर सूचना मी लिहिली, कारण मैदानावर चुन्याची फक्की मारून मारून माझ्या रेघा सरळ येतात. 'आपलं मैदान, आपली झाडं. रविवारी प्रत्येक घरातून एक झाड आणावे.' कोणतं झाड, ते लिहिलं नाही. ही चूक माझी. ती मी आजही कबूल करते, कारण दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

वस्ती यंत्रमागवाल्यांची. घरं जुनी, भिंती भेगाळलेल्या, छपरावर टाक्या, टाक्यांना गळके पाइप. पिंपळाला याहून जास्त काही लागत नाही. पक्षी बी टाकून जातो आणि वर्षाच्या आत भिंतीतून हातभर रोप बाहेर येतं. ते ठेवलं तर भिंत फाटते आणि उपटलं तर म्हणे वंश बुडतो. त्यामुळे आमच्या वस्तीत दर दुसऱ्या घराच्या भिंतीतून एक पिंपळ डोकावत असतो आणि घरचे लोक त्याच्याकडे न बघता खालून ये-जा करतात. या सगळ्यांनी फळा वाचला.

रविवारी सकाळी पहिल्या आल्या अम्मा. अम्मा म्हणजे फाटकासमोरच्या घरातल्या आजी. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी आणि रागावल्या तर दोन्ही एकदम. त्यांच्या हातात रंगाचा रिकामा डबा होता आणि डब्यात पिंपळ.

"मोरीच्या भिंतीत आलावता," त्या म्हणाल्या. "दोन वरीस झालं, मोरीतलं पाणी शेजारणीच्या घरात जातंय. काढता येत न्हाय, ठेवता येत न्हाय. देवानंच तुमचा फळा लिवला बघा, बाई."

"अम्मा, मी लिहिलाय तो."

"तेच की."

मग रांगच लागली. तेलाच्या डब्यात पिंपळ, फुटक्या बादलीत पिंपळ, प्लास्टिकच्या पिशवीत पिंपळ. एका गृहस्थांनी तर विटेसकट आणला होता. मुळं विटेत शिरली होती, म्हणून छिन्नीनं वीटच काढून आणली. भिंतीला पडलेल्या भोकाचं काय, असं मी विचारलं. ते आनंदानं म्हणाले, "भोक बुजवता येतंय की!" प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न पार पडल्यासारखं समाधान होतं. उपटल्याचा दोष नाही, कारण उपटून टाकला नव्हता, चांगल्या ठिकाणी लावायला दिला होता. वर पुण्य.

मधूनच दोन-चार तुळशी आल्या, कडुनिंब आले, दारात असला की घरात भांडणं होतात म्हणून कुणीतरी शेवगा आणला. गुलाब एकच आला. तो मोठ्या बाईंचा.

खड्डे खणायला चाचा आले होते. त्यांची पलीकडच्या चौकात रोपवाटिका आहे आणि एक टेम्पो आहे. आदल्या दिवशी त्यांनी पहार लावून कुंपणाच्या कडेनं मुरमात पंधरा खड्डे काढले होते आणि त्यात त्यांच्या दोन पहारी वाकल्या होत्या. त्यांनी पिंपळांची रांग पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"टीचर, इतनी जगे में दो पीपल बैठते, बस. ये सब लगाए तो दस साल के बाद स्कूल झाड के ऊपर भरानी पडती."

"सांगते मी त्यांना," मी म्हणाले. पण तेवढ्यात मोठ्या बाईंनी मला फाटकावर पाठवलं. प्रमुख पाहुणे कुठल्याही क्षणी येणार होते आणि शाल-नारळ घेऊन कुणीतरी उभं राहायला हवं होतं. मी तासभर नारळ घेऊन उभी राहिले. पाहुणे आले नाहीत. नारळ परत ठेवून मी आत आले तेव्हा काम झालेलं होतं.

चाचांचे पंधरा खड्डे पुढे घुसलेल्यांनी भरले होते, बहुतेक तुळशी नि कडुनिंब. त्यात पश्चिमेच्या भिंतीकडेचे दोन पिंपळ होते, ते ठीक. राहिलेल्यांनी घरातलं खुरपं मुरमावर मारून बघितलं, खुरप्याची दांडी निघाली, मग इकडेतिकडे चाचपत ते मधे आले. तिथं खुरपं लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. वीस वर्षं मी जी माती मऊ केली होती, तिच्यात एकवीस पिंपळ उभे होते. प्रत्येकाला हळद-कुंकू वाहिलेलं, पाणी घातलेलं. सगळ्यांच्या आधी येऊनही जागा निवडत बसलेल्या अम्मांचा तर पूर्वेकडच्या खांबापासून वीतभर अंतरावर.

"माती लई झ्याक हाय हितली," अम्मा मला म्हणाल्या. वीस वर्षांत माझ्या मातीचं कौतुक करणाऱ्या त्या पहिल्याच.

खो-खो माहीत नसलेल्यांसाठी सांगते. दोन टोकांना दोन खांब, मधे एक सरळ पट्टी. पट्टीवर पाठलाग करणाऱ्या मुली एकीआड एक तोंड फिरवून बसतात आणि पळणारी त्यांच्यातून नागमोडी पळते. एका वितीवर सगळं ठरतं. त्या वितीत पिंपळ असेल तर खेळ होत नाही. दीड महिन्यावर जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, आणि त्या वर्षीचा माझा संघ चांगला होता. हे मी सहसा म्हणत नाही.

आधी मी थांबून बघितलं. उन्हानं काही मरतील, असा हिशेब होता. पण पाऊस झाला आणि एकवीसच्या एकवीस पिंपळांना लालसर कोवळी पानं फुटली. त्यात श्रावण लागला. श्रावणी शनिवारी पिंपळाला पाणी घालायचं असतं, आणि फाटक तर सगळ्यांसाठी उघडं. बायका तांबे घेऊन आल्या आणि गुडघ्याएवढ्या पिंपळांना प्रदक्षिणा घालू लागल्या. त्याच वेळी आमचा सराव. मुली नागमोडी, बायका गोल. एका मुलीनं खो दिला तो पट्टीवर बसलेल्या मुलीला न लागता तांब्याला लागला. मी शिट्टी वाजवली. सवयीनं सगळ्याच थांबल्या, बायकासुद्धा.

"माझी चौथी चालूवती," त्यातली एक म्हणाली. "आता पहिल्यापासून मोजायची का, बाई?"

मी पलीकडच्या भागातल्या एका शाळेत विचारलं. ते लोक भले, संध्याकाळी त्यांचं मैदान द्यायला तयार झाले. मुलींना सांगितलं, उद्यापासून तिकडे. सगळ्या हो म्हणाल्या. माझी कप्तान तेवढी खांबाला लागलेली माती नखानं खरवडत बसली. ही मुलगी अम्मांची नात. खांबाशी अशी वळते की मागची मुलगी खांबालाच शिवून येते.

"काय गं?"

"अप्पा नको म्हणाले, बाई. शाळेच्या मैदानावर खेळतीस तंवर खेळ म्हणाले. रोज तेवढ्या लांब नाही पाठवणार. आणि तसंही दहावी आलीच आहे म्हणाले, बास झालं."

"मी बोलू?"

"नको. तुम्ही बोललात की ते एकदम बंदच करतील."

बरोबर होतं तिचं. मी बोलले की लोक तसंच करतात. म्हणजे प्रश्न सरळ होता. शाळेचं मैदान मोकळं झालं तर ही मुलगी खेळणार, नाहीतर घरी बसणार. मी मोठ्या बाईंना म्हटलं, बैठक बोलवा.

मैदान समितीचे अध्यक्ष होते एक निवृत्त तलाठी. ते रोज सकाळी आवाराला बारा फेऱ्या मारत आणि प्रत्येक फेरीला दगडाची खूण करत. बैठकीत त्यांनी ठराव मांडला, 'सदर पिंपळ वृक्ष सन्मानपूर्वक स्थलांतरित करण्यात यावेत.' एकमतानं मंजूर. कुणी करावेत, यावर सगळे छताकडे बघू लागले.

"चाचा करतील की," तलाठी म्हणाले. "त्यांना चालतंय."

चाचा दाराशी उभे होते. "मेरेकू कायकू चलता?"

"तसं न्हाय, तुमच्यात मानत नाहीत ना."

"साब, मैं बी इसीच गल्ली में रहता. आज झाड निकाला, कल किसीके घर में कुछ हुआ, तो पैले मेरा नाम. और मेरेकू पाँच बच्चे हैं. गड्ढा बोलो, खोदता. टेम्पो बोलो, लाता. झाड कू हात नई."

पुन्हा सगळे छताकडे. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, दबका, पण वर्गात दबका आवाज सगळ्यांत आधी ऐकू येतो. "खेळाच्या बाईंना तसं पुढं-मागं कुणी न्हाय..."

मोठ्या बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. त्या ते शोधायला टेबलाखाली गेल्या आणि बराच वेळ तिथंच राहिल्या. पण मुद्दा बिनतोड होता. मी लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. बुडवायला वंशच नसेल तर पिंपळ तरी काय करणार? खोलीतल्या सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. तलाठी तर माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं बघत होते.

"काढते मी," मी म्हणाले. "पण नंतर कुणी माझ्या दारात येऊन रडायचं नाही. कुणाचं दूध नासलं, कुणाची गाडी पंक्चर झाली, कुणाचा जावई रुसला, तर ते आपापलं."

"न्हाय, न्हाय, आमी काय म्हणणार?" सगळे म्हणाले.

"माझा काढायचा न्हाय," अम्मा म्हणाल्या.

बाकीच्यांचे वीस काढायला अम्मांची हरकत नव्हती. त्यांचा मात्र त्यांनी डब्यातून स्वतःच्या हातानं आणला होता, त्याला दोरा बांधला होता आणि तो लागल्यापासून मोरीचं पाणी शेजारी जायचं बंद झालं होतं. मी म्हटलं, भोक बुजवल्यावर बंद होणारच. त्या म्हणाल्या, तुमाला काय कळतंय?

"अम्मा, तुमचा पिंपळ खांबाजवळ आहे. बाकीचे सगळे काढून तो एक ठेवला तरी उपयोग नाही."

"पोरी जातील की तिकडल्या शाळेत खेळायला. सांगितलंय म्हणं तुमी."

"बाकीच्या जातील. तुमची नात नाही जाणार. तुमच्या मुलानं तिला नको म्हटलंय."

"कधी?"

"चार दिवस झाले."

"मला न्हाय सांगितलं."

"तुम्हाला कोण सांगणार? तुमच्याच पिंपळाचा विषय."

अम्मांनी पदर सारखा केला आणि उठून गेल्या. तलाठ्यांनी विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का? मी म्हटलं, नको.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी कुदळ, खुरपं आणि ओली पोती घेऊन पोचले. इतक्या सकाळी कुणी नसेल, अशी माझी समजूत होती. पण फाटक सगळ्यांसाठी उघडायचं म्हणजे कधीच कुणी नसेल असं होत नाही. फिरणारे फिरत होते, बाकांवरचे बसले होते, कोपऱ्यात चार जण दोन्ही हात वर करून मोठमोठ्यानं हसत होते. डॉक्टरनं सांगितलंय म्हणे. चाचांचा टेम्पो भिंतीला लागलेला. आणि पूर्वेच्या खांबाजवळ अम्मा.

मी काही म्हणायच्या आत त्या खाली वाकल्या, पिंपळाचा दोरा सोडला, चिमूटभर हळद वाहिली आणि त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलल्या. काय ते मला कळलं नाही. सूर भाडेकरूला खोली सोडायला सांगतात तसा होता, मऊ पण पक्का. मग त्या उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "मी बघत न्हाय."

हे सगळ्यांनाच पटलं. बघितलं नाही म्हणजे साक्षीदार नाही, साक्षीदार नाही म्हणजे दोष नाही. तलाठी आठव्या फेरीत होते, ते जागच्या जागी वळले. बाकावरचे उठून उलटे बसले. हसणारे हसायचे थांबले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा हसू लागले, कारण त्यांचं अजून पूर्ण झालं नव्हतं. अख्खी वस्ती माझ्याकडे पाठ करून उभी आणि मधे मी एकटी कुदळ घेऊन. शाळेत इतकी शिस्त मी कधी बघितली नव्हती.

चाचा प्रत्येक झाडाभोवती गोल खणत आणि मागे सरत. मी रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून पोत्यात ठेवी. तिसऱ्या झाडापासून पाठींमधून सूचना सुरू झाल्या.

"बाई, मूळ तुटू देऊ नका."

"तुम्ही बघताय?"

"छे! आवाजावरनं सांगतोय."

"तेलाच्या डब्यावाला आमचा. जरा अलगद घ्या."

"डबा नाहीये आता, ओळखू कसा?"

"वाकडा हाय बघा. डावीकडं."

"म्हणजे बघताय तुम्ही."

"लावताना बघितलावता."

विटेसकट आलेला विटेसकटच निघाला. वीट माझ्या पायावर पडली आणि मी जे बोलले ते एवढ्या लोकांसमोर शिक्षिकेनं बोलायचं नसतं. पण ऐकलं नाही, अशी ग्वाही द्यायला सगळेच तयार होते. अम्मांचा मी शेवटी घेतला. तो उचलताना त्यांनी मान वळवली नाही, फक्त विचारलं, "आला का?"

"आला."

"अख्खा?"

"अख्खा."

"मग बास."

झाडं चाचांच्या टेम्पोतून अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावाच्या गायरानात गेली. तिथल्या लोकांनी सावलीसाठी मागून घेतली. तिथं ती माझ्या हातांनीच लावली, चाचांनी खड्डे केले. मैदानात राहिले पश्चिमेचे दोन, चाचांच्या हिशेबाप्रमाणे.

खड्डे बुजवायला मात्र लोटालोट झाली. खड्डा बुजवण्यात दोष नाही. बायकांनी घमेल्यानं माती ओढली आणि पट्टीवर ओळीनं पाय दाबत फिरल्या. मी रोलर फिरवला, पाणी मारलं, दोन दिवस कुणाला आत येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फक्की मारली आणि संध्याकाळी कप्तान पहिल्यांदा खांबाशी वळली तेव्हा बाकांवरून कुणीतरी म्हणालं, एवढ्यासाठी होय!

जिल्ह्याच्या स्पर्धा शहराच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तिच्या अप्पांनी एवढंच विचारलं, सोबत कोण? मी म्हणाले, मी. त्यांनी संमतीचा कागद परत माझ्याकडे सरकवला. अम्मा म्हणाल्या, "मी हाय की." मग त्यांनी तो ओढून घेऊन सही केली.

पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. कुणीतरी पिंपळाचं नाव घेतलं. मी म्हणाले, पिंपळ नाही, डावा पाय, मुलीनं रेघेवर टाकला, मी बघितलाय. पण पहिल्या सामन्यात कप्ताननं खांबाशी तीन वेळा हुलकावणी दिली आणि मैदानाबाहेरून अम्मा तेलुगूतून इतक्या जोरात तिला दिशा सांगत होत्या की पंच खेळ थांबवून माझ्याकडे आले.

"मॅडम, तुमच्या संघाला प्रशिक्षक किती?"

"एक. मी."

"मग त्या कोण?"

"त्यांना तुम्हीच सांगा," मी म्हणाले. "माझं ऐकत नाहीत."

पंच तावातावानं गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात अम्मांच्या डब्यातली अर्धी शेंगापोळी होती आणि तोंडात शिट्टी मावत नव्हती.